गुहेतला घरजावई

मिस्त्रींना कुणी ‘लिफ्टमन’ म्हटलं की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. लिफ्टमन स्टुलावर बसून बटणं दाबतो, मिस्त्री लिफ्ट चालती ठेवतो; एवढा साधा फरक ज्याला कळत नाही त्याच्याशी बोलायचं तरी काय? बत्तीस वर्षं त्यांनी उंच उंच इमारतींच्या लिफ्टा दुरुस्त केल्या. एवढ्या वर्षांत अक्कल असलेला माणूस म्हणाल तर त्यांना एकच भेटला, आणि तो रोज सकाळी दाढी करताना आरशात दिसायचा.

बाकी सगळा आनंदच. इमारतीचा सेक्रेटरी म्हणजे नुसती खोगीरभरती. खालचा किराणावाला लुच्चा. शेजारच्या मास्तरीणबाई नाकाने कांदे सोलणाऱ्या. निवृत्त झाल्यापासून मिस्त्रींना दुसरं काम नव्हतं, त्यामुळे एकेकाला नावं ठेवण्याचं काम ते अगदी वेळापत्रक आखल्यासारखं करायचे.

आणि जावई? जावयाचा विषय निघाला की मिस्त्री आधी छताकडे बघायचे, मग म्हणायचे, “आमचे जावईबापू ना? झालरी शिवतात.”

खरंच शिवायचा. पडदे, सोफ्याची कव्हरं, उशांचे अभ्रे. पडद्यांच्या एका दुकानातून कापडाचे ताके घरी यायचे आणि हा पुढच्या खोलीत खिडकीपाशी मशीन मांडून बसायचा. तोंडात टाचण्या धरून काम करायच्या सवयीमुळे म्हणा की सासऱ्यामुळे म्हणा, बोलणं बेताचंच. मिस्त्री त्याला अहो-जाहो करायचे, जावईबापू म्हणायचे, आणि इतक्या मानानं त्याचा पाणउतारा करायचे की नवख्या माणसाला वाटावं सत्कार चालला आहे. “घरजावई आहेत, पंख्याखालीच बसवावं लागतं हो त्यांना!” खरी गोष्ट अशी की बायको गेल्यावर मिस्त्री एकटे पडले, पंधरा दिवस पाव आणि चहावर काढले, तेव्हा मुलगी आणि जावई आपलं चांगलं भाड्याचं घर सोडून यांच्याकडे राहायला आले. पण हे त्यांच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नाही. जगाला सांगितलं ते हे, की मीच दोघांना आसरा दिला.

अशा या माणसाला निवृत्तीनंतर माशांचा नाद लागला. आता साधे मासे यांना चालतात थोडेच! गप्पी काय, बादलीतसुद्धा पिल्लं देतात, त्यात कसली आली हुशारी? यांनी शोधून शोधून आणले ते कॅटफिश. बोटाएवढे, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचे, दगडाला तोंड चिकटवून बसणारे. हे मासे उघड्यावर अंडी घालत नाहीत, त्यांना गुहा लागते. पाच आणले होते. तीन पहिल्याच वर्षी गेले, एक नर आणि एक मादी उरली.

माशांच्या दुकानदाराने स्पष्ट सांगितलं, “मिस्त्री, हा मासा आता माझ्याकडे यायचा बंद झालाय. आणि तुमची मादी थकत चाललीय. अजून एकदोनदा अंडी दिली तर नशीब समजा.”

झालं! तेव्हापासून मिस्त्रींच्या डोक्यात एकच. या जोडीची पिल्लं आपल्या टाकीत बघायची. मादी जायच्या आत बघायची. चार वर्षं होत आली होती आणि एकही पिल्लू दिसलं नव्हतं.

त्यांचं काम मात्र चोख, हे कबूल करायलाच हवं. भाजक्या मातीची नळी आणून तिचं एक टोक पाटीच्या तुकड्याने बुजवलं. नळीची रुंदी नराच्या अंगाला बसेल इतकीच, मापपट्टी घेऊन काढलेली. लोखंडी रॅकच्या सगळ्यात खालच्या फळीवर टाकी ठेवली, कारण वजन खालीच हवं. ठराविक दिवशी ते टाकीतलं पाणी कमी करायचे आणि जरा गार पाणी थोडं थोडं सोडत राहायचे, म्हणजे माशांना वाटावं की वर कुठेतरी पाऊस झाला. की मग नर गुहेत शिरायचा आणि मादी त्याच्या मागोमाग. तो तिला दोन-तीन दिवस आतच अडवून धरायचा. अंडी झाली की ती बाहेर, तिचं काम संपलं. पुढचं सगळं नराकडे. पिल्लं गुहेबाहेर पडेपर्यंत, म्हणजे चांगले दोन आठवडे, तो अंड्यांवर ठाण मांडून शेपटीने वारा घातल्यासारखं पाणी हलवत राहतो.

एकदा आत शिरला की बाहेर यायचं नाव नाही, जेवण दाराशी पोचवावं लागतं, म्हणून मिस्त्रींनी त्याचं नाव ठेवलं घरजावई. शिवणाच्या मशीनच्या आवाजातही ऐकू जाईल अशा बेताने ठेवलं.

चार वर्षांत सहा वेळा अंडी झाली. सहाही वेळा तिसऱ्या दिवसाच्या आत नराने ती गुहेबाहेर लोटली, नाहीतर गट्ट केली.

“नालायक!” मिस्त्री काचेशी तोंड नेऊन ओरडायचे. “फुकटचं खायचं आणि पोरं सांभाळता येत नाहीत! नावाप्रमाणे निघाला!”

मशीन क्षणभर थांबायचं आणि पुन्हा चालू व्हायचं.

आता यात खरी गोम काय होती ते ऐका. मिस्त्रींच्या धंद्यात एक शिस्त असते. बंद दारामागे आवाज होत नाही म्हणून सगळं ठीक आहे असं समजायचं नाही. दार उघडायचं, टॉर्च मारायचा, काठीच्या टोकाला बसवलेला छोटा आरसा आत सरकवून यंत्राची मागची बाजू बघायची. बत्तीस वर्षं या शिस्तीवर पोट भरलं, आणि त्यांच्या हातून लिफ्ट पडून कधी कुणाला खरचटलंसुद्धा नाही. तोच टॉर्च आणि तोच आरसा त्यांनी आता माशांना लावला. जमिनीवर पालथं पडायचं, आरसा पाण्यात गुहेच्या तोंडाशी धरायचा आणि आत भगभगीत उजेड सोडायचा. दिवसातून चारचारदा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू धरला होता, त्यामुळे दिसायचं धूसर. मग टॉर्च आणखी मोठा. शेवटी शेवटी तर लिफ्टच्या सात मजले खोल पोकळीत, शाफ्टमध्ये, बघायला ते वापरायचे तो टॉर्च त्या वीतभर गुहेत मारू लागले.

दुकानदाराने एकदा विचारलंही, “मिस्त्री, आत उजेड दाखवत नाही ना तुम्ही? नर बिथरतो, अंडी सोडून देतो.”

“उजेड दाखवत नाही. तपासणी करतो.”

“अहो, तेच ते!”

“तुम्ही मासे विकता,” मिस्त्री म्हणाले, “मला शिकवू नका.” आणि तडक निघून आले. घरी येऊन तासभर त्या दुकानदाराचा उद्धार केला. काडीची अक्कल नाही म्हणे, आणि सल्ले देतो!

हा तपासणीचा सोस माशांपुरता असता तर कुणाचं काही गेलं नसतं. दोन वर्षांपूर्वी मुलीला दिवस गेले. तिने दुसऱ्याच महिन्यात वडिलांना सांगितलं, कारण आई नव्हती, सांगायचं कुणाला? मिस्त्रींनी संध्याकाळपर्यंत अख्ख्या इमारतीला सांगितलं. मग सुरू झाली चौकशी. काय खाल्लंस? किती झोपलीस? डॉक्टर काय म्हणाला, नेमके शब्द काय वापरले? ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती, तिथे दर दोन तासांनी फोन. हा म्हातारा माझा जीव खातो असं तिच्या तोंडावर दिसायचं, पण बोलली नाही. तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यात कुणाची चूक नसते. पण चूक नाही हे मिस्त्रींना कसं पटावं? बिघाड झाला म्हणजे कारण सापडलंच पाहिजे. इमारतीची लिफ्ट त्या आठवड्यात बंद होती, ते त्यांनी पकडलं.

“किती वेळा जिना चढलीस? सामान उचललंस का? बरोबर कोण होतं?”

मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. जावई म्हणाला, “बाबा, आत्ता नको.”

“तुम्ही गप्प बसा,” मिस्त्री म्हणाले. “बायको जिने चढत होती तेव्हा कुठे होतात? झालर लावत होतात?”

जिभेला हाड नसलं की माणूस कुठवर जातो, पाहा. मुलगी त्यानंतर वडिलांशी बोलायची, वेळेवर गोळ्या द्यायची, डोळ्यांत थेंब घालायची. पण आपल्याबद्दल म्हणून एक शब्द तिने पुन्हा त्यांना सांगितला नाही. मिस्त्रींच्या ते लक्षातही आलं नाही. ते माशांत गुंतले होते.

यंदा मुलीनेच दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन ठरवलं. मिस्त्रींनी खूप कुरकुर केली. डोळ्यांचा डॉक्टर त्यांना पोरगेला वाटला. याला अजून मिसरूड फुटायची आहे, हा काय माझा डोळा उघडणार? त्यात डॉक्टरने बजावलं, “एक डोळा आज, दुसरा आठवड्याने. तोवर आणि त्यानंतर दोन आठवडे खाली वाकायचं नाही. पालथं झोपायचं नाही. डोळ्यांत पाणी उडू द्यायचं नाही. ऐकलं नाहीत तर डोळा जाईल.”

म्हणजे पुरते तीन आठवडे. आणि नेमकं आदल्याच दिवशी टाकीत गार पाणी सोडून झालेलं! मादीचं पोट टम्म भरलेलं होतं. सातवी खेप, बहुतेक शेवटची, आणि ती कुणाच्या हातात? झालरीवाल्याच्या!

“जावईबापू,” ते डोळ्यावर पट्टी बांधून खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले, “रोज तीनदा तपासणी. आरसा असा धरायचा, टॉर्च असा. काय दिसतं ते मला जसंच्या तसं सांगायचं. जमेल?”

“बघतो,” जावई टाचण्यांमधून म्हणाला.

चौथ्या दिवशी त्याने रॅकला एक जाड काळा पडदा लावला, थेट जमिनीपर्यंत.

“हे काय आता?”

“इस्त्रीच्या पाण्याचे शिंतोडे काचेवर उडतात.”

“वा! माशांनाही पडदा! झालर राहिली की, ती पण लावा!” मिस्त्री स्वतःच्याच विनोदावर बराच वेळ हसले.

ते तीन आठवडे मिस्त्रींनी कसे काढले ते घरातल्यांनाच ठाऊक. पट्टीनंतर डोळ्यांवर काळा चष्मा, थेंबांनी सगळं धूसर. वाकता येत नाही, वाचता येत नाही. राहिलं ते तोंड, त्याचा पट्टा सुरू. मुलगी सकाळी न्हाणीघरात नळ सोडून बराच वेळ आत राहते, पाण्याची काय ही नासाडी! जावई बायकोची पिशवी खालपर्यंत उचलून नेतो, शोभतं का पुरुषाला? एकदा मशीनपाशी मऊ पांढऱ्या कापडाचे वीत-दीड वीत तुकडे पडलेले त्यांना धूसर दिसले, तर म्हणाले, “हे कुणाच्या खिडकीला? बाहुल्यांच्या घराचं काम घेतलंत वाटतं?” जावयाने तुकडे उचलून डब्यात टाकले आणि झाकण लावलं.

आणि दिवसातून दहादा, “गुहेत काही?”

“काही नाही, बाबा.”

“बाई कुठाय?” मादीला ते बाई म्हणायचे.

“बाहेर आहे. दगडाखाली.”

“आणि तो घरजावई?”

“आत.”

“लोळत पडला असेल! खाल्ली असतील सातवीही अंडी!” आणि मिस्त्री कपाळाला हात लावायचे. एकदा राहवलं नाही म्हणून ते टॉर्च घेऊन रॅककडे निघाले, तर त्यात सेल नव्हते. मुलगी म्हणाली, घड्याळाला लागले. घरात घड्याळ एकच होतं आणि ते महिनाभर बंद होतं, पण हे त्यांना दिसणार कसं?

एकविसावा दिवस उजाडला. डॉक्टरने काळा चष्मा काढून डोळे तपासले आणि सांगितलं, आता मोकळे. मिस्त्री घरी आले ते चपलांसकट पुढच्या खोलीत शिरले, गुडघे टेकले, पडदा वर केला आणि पालथे पडले.

टॉर्च लागलाच नाही. नवे डोळे कसे लख्ख! काचेला, दगडाला, गुहेच्या बाहेरच्या अंगाला चिकटलेली इवली इवली पट्टेरी पोरं. नखाएवढी. चौदा! त्यांनी तीनदा मोजली. गुहेच्या तोंडाशी घरजावई आडवा पसरला होता, गालफडं बसलेली, पोट खपाटीला गेलेलं, आणि एक पिल्लू त्याच्या डोक्यावरून सरपटत होतं तरी हलत नव्हता.

“अगं, इकडे ये! अहो, या! झाली! झाली!” मिस्त्री जमिनीवरूनच ओरडले. त्यांचा आवाज चिरकला, नाक गळायला लागलं, आणि त्यांनी ते खुशाल काळ्या पडद्याला पुसलं. काही वेळ त्यांना कुणाला नावं ठेवायचं सुचलंच नाही.

मग सवयीने त्यांनी हिशेब लावला. एवढी मोठी पिल्लं म्हणजे गुहेबाहेर पडून तीन-चार दिवस तरी झाले. म्हणजे अंडी झाली ती पहिल्या चार दिवसांतच. ते उठून बसले. जावई मशीनपाशी उभा होता.

“तुम्हांला माहीत होतं?”

“हो.”

“कधीपासून?”

“चौथ्या दिवशी बाई बाहेर आली. पोट रिकामं दिसलं. मग पडदा लावला.”

“आणि मला रोज सांगत होतात, काही नाही म्हणून!” मिस्त्रींचा पारा चढायला लागला, पण मध्येच त्यांना वेगळाच प्रश्न सुचला. “आत किती वेळा बघितलंत?”

“एकदाही नाही.”

“एकदाही? अंडी आहेत की गेली ते बघायला नको?”

जावयाला प्रश्नच कळला नाही असं दिसलं. “आत तो होता ना,” तो म्हणाला.

बत्तीस वर्षांत असं उत्तर मिस्त्रींना कुणी दिलं नव्हतं. सहा खेपांची अंडी त्यांच्या डोळ्यांसमोर आली. सहाही वेळा आपण कुठे पालथे पडलो होतो, हातात काय होतं, सगळं आलं. चार वर्षं ज्याला नालायक म्हटलं तो आपल्यासमोर वाळून काडी झाला होता, आणि त्याच्या पोरांच्या जिवावर उठलेला माणूस टाकीच्या बाहेर होता.

“मला का नाही सांगितलं?” ते म्हणाले, पण आवाज खाली आला होता.

उत्तर स्वयंपाकघराच्या दारातून आलं. “सांगितलं असतं तर तुम्ही डोळा जाऊ दिला असतात, बाबा, पण बघितल्याशिवाय राहिला नसतात.”

मिस्त्रींनी मान वळवली. मुलगी चौकटीला टेकून उभी होती, एक हात कमरेवर. कित्येक महिन्यांत त्यांनी तिला धड बघितलंच नव्हतं. ती म्हणजे एक आवाज, औषधाच्या बाटलीचा वास आणि धूसर रंग. आता लख्ख दिसली. चेहरा भरलेला. डोळ्यांखाली काळं. ढगळ कपड्याखाली पोट चांगलं दिसण्याइतकं पुढे आलेलं. सकाळचा नळ, उचललेली पिशवी, ते मऊ पांढरे तुकडे. मिस्त्री काही मूर्ख नव्हते, सगळं एका दमात जुळलं. आपल्याच घरात, आपल्या नाकासमोर, आपल्यापासून लपवून!

त्यांचं तोंड उघडलं. कितवा महिना? कुठला डॉक्टर? लिफ्ट चालू आहे ना? हे सगळं आधी का नाही मला...

आणि त्यांना दिसलं की दोघंही त्यांच्या तोंडाकडे बघताहेत. मुलीचा कमरेवरचा हात नकळत पोटावर आला होता. जावई मशीन सोडून दोन पावलं पुढे आला होता, तिच्या आणि त्यांच्या मधे येईल असा. तोंडात टाचण्या तशाच. दोघं त्यांना घाबरत होती. कशाला, तर त्यांच्या प्रश्नांना.

मिस्त्रींनी तोंड मिटलं. मिटताना त्यांना जे वाटलं त्याला लाज म्हणतात, आणि ती त्यांना इतकी अनोळखी होती की छातीत कळ आली असंच त्यांना आधी वाटलं. ते पुन्हा खाली वाकले, काळा पडदा सोडला आणि कडेपर्यंत नीट ओढून घेतला. रॅकच्या वरच्या फळीवर टॉर्च होता आणि काठीचा आरसा होता. दोन्ही उचलून त्यांनी जावयाच्या हातात दिलं.

“जावईबापू,” ते म्हणाले, आणि या खेपेला त्यात टोमणा नव्हता, “हे ठेवा कुठेतरी. मला सापडणार नाही असं.”

मग ते खुर्चीत जाऊन बसले. जावई पुन्हा मशीनपाशी गेला, पण मशीन चालू केलं नाही. मिस्त्रींच्या जिभेवर सतरा प्रश्न येत होते आणि ते आवंढे गिळत होते. बघायला गंमतच होती म्हणा. कपाळावर घाम आला होता माणसाच्या.

शेवटी मुलगी आपण होऊन आली आणि शेजारच्या स्टुलावर सावकाश बसली.

“पाचवा लागलाय, बाबा,” ती म्हणाली. “सगळं ठीक आहे.”

“बरं,” मिस्त्री म्हणाले, आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसून राहिले.